खिटीची जागा

बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून ज्याची उमेदीची सारी वर्षं गेली, अशा एका म्हाताऱ्यानं आपल्या नातवाला 19व्या वाढदिवसाला एक लांबट खोका दिला. पेनसिल्वेनियातलं हे गाव पोलादासाठी नावाजलेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं पोलाद पुरवलं ते इथल्याच कंपनीनं. 1995 साली गावातल्या भट्ट्या विझल्या, कामगार पांगले. म्हाताऱ्याच्या हातातली कानस मात्र सुटली नाही. तळघरातल्या बाकावर त्याचं काही ना काही चालूच असायचं.

खोक्यात ठासणीचं पिस्तूल होतं, सुट्या भागांत. नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी गजानं ठासून भरायची, म्हणून ठासणीचं. आपल्याकडे कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला ज्या बंदुका लोक बाळगतात, त्यांच्याच जातीचं. फक्त हे गारेवर उडणारं. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट धरलेला असतो. चाप ओढला की ती गार पोलादी झडपेवर घासते, ठिणग्या खालच्या रंजकदाणीत पडतात, तिथली दारू, म्हणजे रंजक, पेटतं आणि नळीच्या कान्यातून जाळ आत जाऊन बार उडतो. घोडा, झडप आणि रंजकदाणी यांची ही सगळी जोडणी म्हणजे लॉक.

नातवाचा चेहरा उतरला.

“आजोबा, हे तर सगळं तयारच आहे. नळी केलेली, लॉक जोडलेलं, दस्ता कापलेला. मी काय नुसते स्क्रू पिळायचे?”

“लॉक दस्त्यात बसवून दाखव,” म्हातारा म्हणाला.

ते बसेना. दस्त्याचं लाकूड पट्टेदार मेपलचं, त्यात लॉकसाठी यंत्रानं खाच पाडलेली. पण ती मुद्दामच थोडी अपुरी ठेवलेली होती. नळीही तिच्या पन्हळीत पुरती टेकत नव्हती. चापाभोवतीच्या पितळी कडीवर ओतकामाची शिवण तशीच होती, हाताला बोचेल अशी. जोडायला घेतलं की लक्षात येतं, खोक्यातून आलेला एकही भाग दुसऱ्याला ओळखत नाही. ती ओळख करून देणं हेच काम शिल्लक असतं आणि ते थोडं नसतं.

सुट्या भागांच्या या खोक्याकडे काही लोक नाक मुरडून बघतात, ते मला योग्य वाटत नाही. अठराव्या शतकात याच पेनसिल्वेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी ज्या लांब नळीच्या बंदुका घडवल्या त्यांना आज जग केंटकी रायफल म्हणतं. याकोब डिकर्टसारखी नावं त्या कामासाठी अजून आदरानं घेतली जातात. पण त्या काळातल्या किती तरी बंदूककारांनी लॉक इंग्लंडहून किंवा जर्मनीहून आलेलं घेतलं. पितळी सामान विकत मिळे, नळ्याही काही जण दुसऱ्यांकडून घेत. तेवढ्यानं ती बंदूक त्यांची नाही असं कुणी म्हणत नाही. लोखंड लाकडात ज्यानं बसवलं, त्याचं नाव नळीवर कोरलं गेलं. म्हाताऱ्यानं हेच नातवाला सांगितलं, आणि बाकाचा अर्धा भाग रिकामा करून दिला.

हिवाळा होता. घर तापवणारी तळघरातली भट्टी दिवसरात्र चालू, हवा कोरडी ठणठणीत. नातू कॉलेजातून आला की खाली उतरायचा.

पहिली शिकवण काजळीची. लॉकची पट्टी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची, काजळी धरली की खाचेत ठेवून हलकेच दाबायची आणि उचलायची. लाकडावर जिथं काळे ठिपके उमटतील तिथंच ते नडतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. बाकी लाकडाला हात लावायचा नाही. सुरुवातीला पोरगं घाईनं ठिपक्याच्या आसपासचंही काढायला जाई. म्हातारा काही न बोलता त्याचं मनगट धरी. हळूहळू हात बसला. महिनाअखेरीला लॉकची कड लाकडाला अशी भिडली की मध्ये केस शिरणार नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हे लोखंड त्या झाडातच वाढलं असेल.

आतली गोष्ट वेगळी होती. लॉकच्या पाठीमागे कमान असते, घोड्याबरोबर फिरणारा टंबलर असतो आणि त्या टंबलरच्या खाचेत जाऊन अडकणारी खिटी असते. खिटीचा एक दांडा आडवा निघून थेट लाकडात शिरतो. चाप ओढला की तो याच दांड्याला वर ढकलतो आणि घोडा सुटतो. हा दांडा ज्या भोकात हलतो ते भोक कुणालाच दिसत नाही. नातवानं ते कोरलं, घोडा ओढून पाहिला, अर्ध्यावर टिकला, पूर्ण ओढला तरी टिकला. “झालं,” म्हणाला आणि पुढं गेला. त्याला आता घाई होती ती रंगाची.

आणि रंगाचं काम त्यानं खरोखर जीव ओतून केलं. नळी आठ पैलूंची. एकेका पैलूवर कानस आडवी धरून आपल्याकडे ओढत यंत्राच्या खुणा काढल्या. पितळ आधी कानशीनं, मग पॉलिश पेपरनं घासत घासत आरशासारखं केलं. दस्ता गुळगुळीत झाल्यासारखा वाटला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला ओलं फडकं दिलं. “पूस.” पुसल्यावर दस्ता वाळत आला तसा त्याच्यावर लव उभी राहिली, गालावरच्या कोवळ्या दाढीसारखी. लाकडातले दबलेले तंतू पाणी पिऊन उठले होते. ते पुन्हा घासून काढायचे, पुन्हा ओलं फडकं, पुन्हा लव. पाणी लावूनही लाकूड शांत राहीपर्यंत हे चाललं.

मग आलं अॅक्वा फोर्टिस, म्हणजे लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल. हातमोजे घालून, दार उघडं ठेवून ते मेपलवर फिरवलं. लाकूड हिरवट पिवळं, आजारी दिसायला लागलं. नातू घाबरला. म्हाताऱ्यानं गरम हवेचं यंत्र चालू करून दस्त्यावर धरलं. जिथं उष्णता पोचली तिथं तो मळका रंग क्षणात पालटून तांबूस तपकिरी झाला आणि लाकडातले पट्टे आतून दिवा लावल्यासारखे वर आले. नातवानं ते यंत्र आजोबांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. त्या रात्री तो जेवायला वर आला तो फार उशिरा. नंतर आम्ल सोड्यानं मारलं, लाकूड वाळू दिलं आणि जवसाच्या तेलाचे हात सुरू झाले. थोडंसं तेल, तळव्यानं घासायचं, तळवा गरम होईपर्यंत; उरलेलं पुसून वाळू द्यायचं, मग दुसरा हात.

नळीला त्यानं गंजाचा तपकिरी रंग चढवला, जुन्या काळी चढवत तसाच. तेलाचा अंशही राहू नये म्हणून नळी धुऊन, बोट न लावता तिला गंज आणणारं औषध चोपडलं आणि न्हाणीघरात टांगली. गरम पाण्याचा फवारा सोडून दार लावून घेतलं. वाफेनं खोली भरली. सकाळी नळीवर नारिंगी गंजाची मऊ साय आली होती. ती खरबरीत फडक्यानं घासून काढली, पुन्हा औषध, पुन्हा वाफ. रंग मनासारखा गडद झाल्यावर सोड्याच्या पाण्यानं गंज थांबवला आणि तेल दिलं.

पिस्तूल जोडायच्या आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं दस्ता हातात घेतला, उलटा केला, दिव्याखाली धरला. लॉकची खाच पांढरीफटक होती. नळीची पन्हळही तशीच.

“आत तेल नाही दिलंस?”

“आत कोण बघतंय, आजोबा?”

“पाणी बघतं.”

नातू हसला. म्हाताऱ्यानं दस्ता खाली ठेवला आणि त्याबद्दल परत शब्द काढला नाही.

जुलैत जवळच्या एका मैदानावर ठासणीवाल्यांची नेमबाजी होती. पूर्व पेनसिल्वेनियातला जुलै म्हणजे सकाळीच सदरा पाठीला चिकटतो. आदल्या आठवड्यात पाऊसही झाला होता. झाडाखाली टेबलं मांडलेली, त्यांवर दारूची शिंगं, गोळ्या, चिंध्यांच्या पुड्या. पलीकडे मातीच्या बांधासमोर कागदी लक्ष्यं. नातवाचं पिस्तूल टेबलावर आलं तशी माणसं जमली. जो तो उचलून बघे, पट्ट्यांवरून अंगठा फिरवी. एकानं लॉकच्या कडेला नखानं चाचपून पाहिलं आणि मान डोलावली. पोराचे कान लाल झाले. म्हातारा थोडा लांब खुर्चीवर बसून होता.

या मैदानावर नवं हत्यार दारू भरण्याआधी तपासलं जाई. तपासणारा माणूस टेबलाशी आला. नळी रिकामी आहे ना, हे गज घालून पाहिलं. मग घोडा अर्ध्यावर ओढला आणि चापावर बोट दाबलं. अर्ध्यावरचा घोडा कितीही दाबलं तरी पडता कामा नये, कारण रंजक भरायचं ते घोडा याच स्थितीत असताना. त्या वेळी नळीत बार असतो आणि हात रंजकदाणीपाशी असतो.

घोडा पडला.

त्यानं परत ओढला. या खेपेला चापाला बोटही लावलं नव्हतं. पिस्तूल नुसतं टेबलावर टेकवलं तेवढ्यानं घोडा खाली आला. गार झडपेवर आपटली, ठिणग्या उडाल्या.

“हे भरायचं नाही,” तो म्हणाला आणि पिस्तूल नातवाच्या हातात देऊन पुढच्या टेबलाकडे गेला. आवाज चढवला नव्हता, पण आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं.

पोराच्या तोंडचं पाणी पळालं. घरी तर नीट चालत होतं. त्याला वाटलं कमान गेली, लॉकच खराब निघालं, फसवलं गेलं आपल्याला.

शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीची बाई होती. तिचं पिस्तूल साधं अक्रोडाचं, मुठीवर चरे पडलेले, पितळ मळून हिरवट झालेलं. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि लोखंड खाते, म्हणून प्रत्येक नेमबाजीनंतर ते धुऊन-पुसून ठेवावं लागतं. तसं वर्षानुवर्षं धुतलेलं दिसत होतं. तिनं आपलं काम बाजूला ठेवलं.

“दोन स्क्रू काढ. लॉक बाहेर घे.”

लॉक सहज निघेना. हिवाळ्यात जे बोटानं निघायचं, ते आता मुठीनं हलकेच ठोकावं लागलं. बाहेर आल्यावर बाईनं ते आपल्या तळहातावर घेऊन घोडा अर्ध्यावर ओढला. खटकन बसला. तिनं चाप नसलेल्या त्या उघड्या लॉकची खिटी बोटानं चाचपली, घोडा अंगठ्यानं जोर लावून ढकलला. तसूभर हलला नाही.

“लॉक उत्तम आहे. बाहेर टिकतं, आत टिकत नाही. मग दोष कुणाचा?”

तिनं डब्यातून मेणबत्तीचं बुडखं काढलं, पेटवलं आणि खिटीच्या दांड्याचं टोक ज्योतीवर धरून काळं केलं. लॉक परत खाचेत बसवलं, घोडा एकदा मागेपुढे केला आणि काढलं. नातवाला सांगावं लागलं नाही. त्यानं स्वतःच दस्ता उन्हाकडे वळवला आणि भोकात डोकावला. तळाशी, पांढऱ्या लाकडावर, काळा चकचकीत ठिपका होता. दांड्याचं टोक लाकडाला घासत होतं, म्हणून खिटी खाचेत पुरती उतरत नव्हती. कोरड्या तळघरात जेवढी जागा पुरेशी होती, तेवढी आता नव्हती. उघडं लाकूड महिनाभर हवेतली ओल पीत होतं.

“आतून तेल दिलं नव्हतंस,” बाई म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

नातू गप्प राहिला. ओलं फडकं फिरवल्यावर उठणारी लव त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. बंद न्हाणीघरातली वाफ एका रात्रीत लोखंडाला काय करते, तेही त्यानंच करून पाहिलं होतं. ओलीची ताकद त्याच्याइतकी नीट कुणी हाताळली नसेल त्या मैदानावर. तीच ओल मागच्या दारानं आत येईल, एवढं त्याच्या मनात आलं नव्हतं.

मग त्याला आजोबांची आठवण झाली आणि तो तरातरा खुर्चीपाशी गेला.

“तुम्हाला माहीत होतं.”

“सांगितलं होतं.”

“एकदा! परत का नाही सांगितलंत?”

“परत सांगितलं असतं तर तू तेल लावलं असतंस,” म्हातारा म्हणाला, “पण माझं तोंड बंद करायला. मला ते नको होतं. कारखान्यात मी बघितलंय, साहेब मागे उभा आहे म्हणून लावलेला रंग कसा असतो. दोन पत्रे जिथं एकमेकांना भिडतात त्या फटीत गंज धरला की बाहेरचा रंग तुळईला वाचवत नाही. हे सांगून कळत नाही, बघून कळतं.”

बाई मागोमाग आली होती. तिनं म्हाताऱ्याला सोडलं नाही.

“तुळई एका दिवसात पडत नाही, काका. हे उडालं असतं तर एका क्षणात उडालं असतं. टेबलाचं सुतारकाम असतं तर तुमचं म्हणणं मी मानलं असतं. हत्यारापाशी धडा शिकवायला थांबायचं नसतं.”

मला इथं बाईचंच पटतं. शिकणाऱ्याला ठेच लागू द्यावी हे खरं, पण ठेच कुठं लागणार आहे हे शिकवणाऱ्यानं आधी पाहून ठेवायला हवं. म्हातारा तपासणीच्या भरवशावर बसला होता; ती झाली, म्हणून निभावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “तुझं बरोबर आहे. मी सकाळी निघताना तरी घोडा ओढून बघायला हवा होता.” हे त्यानं नातवादेखत म्हटलं, त्याचं मोल मला मोठं वाटतं.

बाईनं आपली बारीक पटाशी दिली. काळ्या ठिपक्यावरून दोनचार साली निघाल्या, नखाच्या कातरणाएवढ्या. पुन्हा काजळी, पुन्हा लॉक. तिसऱ्या खेपेला भोकाच्या तळाशी काहीच उमटलं नाही. घोडा अर्ध्यावर खटकन बसला. नातवानं चाप दाबला, पिस्तूल टेबलावर आपटलं, घोड्याला अंगठ्यानं रेटलं, तो हलेना. तपासणाऱ्याला बोलावलं. त्यानंही सगळं करून पाहिलं आणि या वेळी होकार दिला.

“तुझी पाळी अजून गेलेली नाही. शिंग घे.”

नातवानं शिंग घेतलं नाही. तो दस्त्याकडेच बघत होता. खिटीची जागा मोकळी झाली होती, पण खाच अजून पांढरीच होती. दुपारपर्यंत उकाडा वाढणार होता. आणि त्याहून जवळची गोष्ट, नळीच्या पन्हळीलाही त्यानं तेल दिलेलं नव्हतं. नळी बसवल्यापासून ती खालून एकदाही पाहिलेली नव्हती.

“माझं नाव आजच्या यादीतून काढा,” तो म्हणाला.

“अरे, आता चालतंय ना,” कुणी तरी म्हणालं.

“लॉकपुरतं चालतंय.”

त्यानं टेबलावर आपला सदरा पसरला, त्यावर पिस्तूल आडवं ठेवलं. नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या दोन बारीक पिना होत्या. म्हाताऱ्यानं खिशातून छोटी हातोडी आणि पिना काढायचा पंच काढला. तो त्यानं घरूनच आणला होता. दोन्ही टेबलावर ठेवले आणि हात मागे घेतला.

पिना निघाल्या, शेपटाचा स्क्रू निघाला, नळी उचलली गेली. खालच्या तीन पैलूंवर, जिथं त्यानं गंज थांबवून तेल दिलं होतं पण नंतर परत हात फिरवला नव्हता, तिथं लाकडाला टेकलेल्या रेषेत ताजा नारिंगी गंज उगवला होता. फार नव्हता. बोटाला लागला तेवढाच.

नातवानं ते बोट आजोबांना दाखवलं, मग बाईला.

“जवसाचं तेल आहे का तुमच्याकडे?” त्यानं विचारलं.

“गाडीत आहे,” ती म्हणाली. “पण आज लावू नकोस. लाकूड आत्ता ओलं आहे, ती ओल आतच कोंडशील. घरी ने, सुटं ठेव, महिनाभर वाळू दे. नळीचा गंज मात्र आत्ताच पूस.”

तिनं फडकं दिलं. तो पुसायला बसला, खालच्या पैलूंपासून, आणि मागच्या टेबलांवर भरलेली पिस्तुलं एकामागून एक उडायला लागली तरी त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या पिनेच्या भोकापाशी आल्यावर तो थांबला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, “आजोबा, हे भोकही आतून कोरडंच आहे. यात तेल कसं पोचवायचं?”

“मला बघू दे,” म्हातारा म्हणाला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.